४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येणारी विषम संख्या. द्विमान पद्धतीत लिहिल्यास दोन्ही टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये. मूळ अवयव दोनच : ६४१ आणि ६७००४१७. पाचवी फेर्मा संख्या म्हणून ती ओळखली जाते. तिची ख्याती मात्र एक मोठा अंदाज खोटा पाडल्याची आहे.

२ चा घातांक स्वतःच २ चा घात असेल, तर त्या घातात १ मिळवून येणारी प्रत्येक संख्या मूळ असते, असे फ्रेंच गणिती पिएर द फेर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. सिद्धता हाती नसल्याचेही त्यांनी मान्य केले होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ (क्रमांक ० ते ४) या संख्या खरोखरच मूळ आहेत. पुढची ही. १७२९ मध्ये गोल्डबाख यांनी पत्रातून हा प्रश्न ऑयलर यांच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून दिला.

यासाठी अफाट आकडेमोड लागत नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात निकाल लागतो. हा नियम फेर्मांच्याच एका प्रमेयातून निघतो, त्यामुळे त्यांच्या नजरेतून ६४१ निसटावा याचे नवल वाटते.

भागाकार न करताही हे दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६. म्हणून ६४१ च्या हिशेबात ५ × १२८ ची किंमत −१. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची किंमत १ होते. तिथे ६२५ ऐवजी −१६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची किंमत −१ येते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते : ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, म्हणजे एकही अवयव न शोधता ती संयुक्त ठरते. २ हा पाया घेतलेली फेर्मा कसोटी मात्र ती बिनदिक्कत पार करते. ३ हा पाया वापरणाऱ्या पेपँ यांच्या कसोटीत (१८७७) ती पकडली जाते.

६४१ हा अवयव स्वतः फेर्मा संख्या नसल्यामुळे ४२९४९६७२९७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी-कंपासने काढता येत नाही. प्रस्तुत संख्येहून दोनने लहान ४२९४९६७२९५ ही संख्या आधीच्या पाचही फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे, आणि तितक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. विषम बाजूंच्या अशा ज्ञात बहुभुजांत तो सर्वांत मोठा. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन पूर्ण संख्याही तीच. प्रस्तुत संख्या तेवढ्याच बिटांत कोंबू पाहिल्यास पुढचा १ गळून पडतो आणि संगणक तिला नुसता १ समजतो.