नमस्कारावर बंदी : मुंबई, १७७९

वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला हात जोडणे ही आज साधी सभ्यता मानली जाते. अठराव्या शतकातील मुंबईत मात्र याच कृतीविरुद्ध सरकारी हुकूम निघाला होता.

२८ जुलै १७७९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कौन्सिलने ठराव केला की, सोनारांनी ‘नमस्कार’ हा अभिवादनप्रकार वापरू नये. ९ ऑगस्टला तो सोनार जातीचे प्रमुख दामुलशेट त्रिंबकशेट यांना सक्त ताकिदीसह पाठवण्यात आला. नमस्काराचा अधिकार सोनारांना नाही, त्यांनी तो केल्याने धर्म भ्रष्ट होतो, अशी ब्राह्मणांची तक्रार होती. पेशव्यांकडूनही बंदीच्या मागणीची पत्रे वारंवार आली होती.

कौन्सिलचे कारण मोठे बोलके आहे. या वादात कंपनीचे हितसंबंध गुंतलेले नाहीत, तेव्हा हा निर्णय पेशव्यांप्रति सौजन्य म्हणून कळवावा, असे ठरावातच नमूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत मराठ्यांनी वडगावला कंपनीच्या फौजेला शरण आणले होते आणि युद्ध अद्याप संपलेले नव्हते. अशा वेळी एक पैसाही न खर्चता देता येण्याजोगी भेट कंपनीला सापडली, ती सोनारांच्या नमस्काराची!

एका शब्दावरून एवढा वाद का? त्या समाजात अभिवादनावरून जात कळे. ब्राह्मणांचा नमस्कार, इतर अनेक जातींचा रामराम, महारांचा जोहार. चौदाव्या शतकातील संत चोखामेळ्याच्या अभंगांतही हा जोहार आढळतो. दोन अपरिचित समोरासमोर आले की पहिल्याच शब्दात वरचा कोण, खालचा कोण, हे ठरून जाई. वरच्या जातीचा माणूस जोहाराला जोहाराने उत्तर देत नसे.

१९३६ साली छापलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोनारांचे हे प्रकरण मांडले. नमस्काराबरोबरच ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसण्यावरूनही सोनारांना विरोध झाला होता, हे त्यात येते.

त्याच दशकात विदर्भात एक नवे अभिवादन रुजू लागले. त्याचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. मुसलमानांच्या ‘सलाम आलेकुम’ला मिळणारे उत्तर ऐकून आपल्याकडेही असे काही असावे, असे त्यांना वाटले, अशी आठवण सांगतात. आरंभी ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर सुचवले गेले होते, पण ते टिकले नाही. आज एकाने ‘जय भीम’ म्हटले की समोरचा अनोळखी माणूसही ‘जय भीम’च म्हणतो.