बार्तनिक

साल 1616. पोलंडच्या माझोव्हिया प्रांतात, वोम्झाजवळच्या अरण्यात तुम्ही उभे आहात. सप्टेंबर लागलाय. समोर शंभरी ओलांडलेला पाइन आणि त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने कोरलेली मालकाची खूण. मालकाला अक्षरओळख नाही, पण ही खूण रानातला प्रत्येकजण ओळखतो.

खांद्यावरचा दोर सोडा. त्याला बसायला फळी आहे. याला लेझिवो म्हणतात. खोडाला वेढे घालत वर चढा, तीन पुरुष उंच. वाटेत एक ओंडका लोंबकळतोय, तो अस्वलासाठी! अस्वल मधाच्या आशेने त्याला ढकलतं, ओंडका झोका घेऊन परत येतो आणि अस्वलालाच बडवतो.

आता हातापाशी ढोली आलीय. ती निसर्गाने दिलेली नाही. कोण्या बापाने किंवा आजोबाने जिवंत खोड लांब छिन्नीने कोरलं, आतली पोकळी वाळू दिली आणि मग मधमाश्यांची वाट पाहिली. अशा ढोलीला ‘बार्च’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी भोक पाडणं, कोरणं हा अर्थ आहे. त्याला कर्त्याचा ‘-निक’ लागला की झाला बार्तनिक. या नावात मध नाही, माशीही नाही. आहे ती कोरलेली जागा, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं: माणसाला ओळख मिळाली ती त्याने आधी केलेल्या कष्टाची.

ढोलीच्या तोंडावरची फळी काढा, धूर द्या. सगळा मध घेऊ नका, हिवाळाभर माश्यांनी काय खायचं?

खाली मेण चर्चच्या मेणबत्त्यांसाठी जाईल, मधाचा वाटा राजाच्या अधिकाऱ्याकडे. याच वर्षी वोम्झाच्या बार्तनिकांचे नियम लिहून काढले गेले. त्यांचं स्वतःचं न्यायालय आहे आणि माश्या चोरणाऱ्याला मृत्युदंड. कारकून वहीत नावापुढे धंदा लिहितो: यान, बार्तनिक.

दोन शतकं पुढे चला. इमारती लाकडासाठी जंगलं राखली जाताहेत, ढोल्यांवर बंदी येतेय. पण वहीतला धंदा आडनाव होऊन बसलाय. कुणी बार्तनिक, कुणी बार्तनित्स्की, कुणाचा मुलगा बार्तनिचाक. त्यांतले कितीतरी आता झाडावर चढतही नाहीत.

एकविसाव्या शतकात पोलंडमधल्या काहींनी ही कला पुन्हा शिकून घेतली, रशियातल्या बाश्किरियाच्या लोकांकडून. तिथे ती टिकून होती. 2020 मध्ये युनेस्कोने पोलंड आणि बेलारूसच्या या परंपरेची नोंद केली.