चष्म्याचा आरसा आता मोबाईलमध्ये

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, पोरं आता दुकानात जायच्या आधीच मोबाईलमध्ये फ्रेम 'घालून' बघतात.

१९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा शिबिरात मोतीबिंदू काढला की साधारण दहा नंबरचा जाड चष्मा हातात यायचा. फ्रेम कोण निवडणार? दिसायला लागलं हेच लई होतं. पुढं डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवणं रूढ झालं. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया केल्या.

२०१० मध्ये सुरू झालेलं लेन्सकार्ट ऑनलाइन चष्मे विकू लागलं. आता मोबाईलचा कॅमेरा चेहऱ्यावरचे शेकडो बिंदू पकडून त्यावर फ्रेम बसवतो. पण चेहरा नेमका किती रुंद, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. म्हणून काही ॲप कपाळाला एटीएम कार्ड लावायला सांगतात. कार्डाची रुंदी जगभर ८५.६ मिलिमीटर, त्यावरून दोन बाहुल्यांमधलं अंतर निघतं.

फ्रेम शोभते का, एवढंच हे तंत्र सांगतं. काचबिंदू आहे का, ते सांगत नाही. आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. आज्याला फ्रेम निवडता आली नाही, पण त्याचा डोळा डॉक्टरांनी बघितला होता. चाळिशी ओलांडलेल्यांनो, तुमचा शेवटचा कधी बघितला?