राजदंड नव्हे, पेयाच्या नळ्या!

रशियाच्या उत्तर कॉकेशस भागातील मायकोप शहराजवळ १८९७ साली निकोलाय वेसेलोव्स्की या पुरातत्त्वज्ञाने मातीचा एक प्रचंड ढिगारा खोदला. अशा ढिगाऱ्यास तेथे ‘कुर्गान’ म्हणतात. त्याच्या पोटात बहुधा एखाद्या मातब्बराचे थडगे असते. या थडग्याच्या मुख्य कप्प्यातील मृताची वस्त्रे सोन्याच्या आणि रंगीत खड्यांच्या मण्यांनी मढवलेली होती. त्याच्या उजव्या बाजूस सोन्या-चांदीच्या आठ लांब नळ्या ठेवलेल्या आढळल्या.

प्रत्येक नळी सव्वा मीटरला थोडी कमी, सुमारे ११२ सेंटीमीटर लांबीची; जाडी मात्र जेमतेम एक सेंटीमीटर. पातळ धातूचे पोकळ तुकडे एकमेकांना जोडून ती घडवलेली होती. चार नळ्यांवर सोन्याचा वा चांदीचा लहानसा बैल होता. बैलाच्या अंगाला आरपार छिद्र पाडून त्यातून नळी ओवण्याची ही कारागिरी पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, हे विसरता कामा नये. एवढ्या मौल्यवान वस्तू राजचिन्हेच असणार, या समजुतीने वेसेलोव्स्की यांनी त्यांना राजदंड म्हटले. पुढे काहींनी त्या मृतावरील छताचे दांडे ठरवल्या. बैलांच्या रुबाबाने अभ्यासकांची नजर बांधून ठेवली असावी.

खरी खूण होती ती नळ्यांच्या चांदीच्या टोकांत. त्यांना बारीक चिरा पाडलेल्या आहेत. धान्यापासून केलेल्या जुन्या पेयांत कोंडा आणि टरफले तरंगत राहत; ती तोंडात येऊ नयेत म्हणून नळीच्या टोकाशीच गाळणी लागे. सिक्कीम आणि पूर्व नेपाळमध्ये ‘तोंगबा’ आजही असाच पितात. आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्या नळीने चोखायचे. नळीचे खालचे तोंड बंद असते. त्याच्या बाजूला बारीक छिद्रे असतात, म्हणजे दाणे भांड्यातच राहतात.

व्हिक्टर त्रिफोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकोपच्या एका नळीच्या आतील अवशेष तपासले. त्यांत जवाचे पिष्टकण आणि लिंडेन वृक्षाचा परागकण सापडला. ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात २०२२ च्या जानेवारीत हे संशोधन प्रसिद्ध झाले. पेय आंबवलेलेच होते, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण नळ्या पिण्यासाठीच होत्या, या मताला मोठे बळ मिळाले.

त्यांच्या लांबीचे कोडे मेसोपोटेमियातील मुद्राचित्रांमुळे सुटते. एकाच रांजणाभोवती बसलेली माणसे लांब नळ्यांनी पेय पीत असल्याची दृश्ये त्यांवर कोरलेली आहेत. उर येथील राणी पुआबीच्या थडग्यातही अशा नळ्या मिळाल्या. त्या मायकोपहून बऱ्याच नंतरच्या, सोने आणि लाजवर्दाने सजवलेल्या आहेत.

मायकोपच्या थडग्यात एक मोठे भांडेही होते. त्यात सुमारे ३२ लिटर पेय मावले असते, म्हणजे आठ नळ्यांच्या आठ धन्यांना प्रत्येकी चार लिटर! सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात या नळ्या जतन केलेल्या आहेत.