कीर्द, खतावणी आणि 'इतर खर्च'

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पासिर रिसच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि महिन्याचा हिशेब सुरू होतो. वीज-पाण्याचं बिल, फेअरप्राइसच्या पावत्या, टेक्का मार्केटमधून आणलेली भाजी, एमआरटीचं कार्ड. प्रत्येक खर्चाला सॉफ्टवेअरमध्ये एक कॅटेगरी द्यायची. पेशाने आयटीवाला असल्यामुळे या कामात मला (बायकोच्या मते जरा जास्तच) गोडी आहे.

एका रविवारी मात्र गाडी एका ओळीवर अडली: 'आईला पाठवलेले पैसे'. सॉफ्टवेअरने दिलेल्या तयार यादीत त्यातल्या त्यात जवळचं खातं होतं 'भेटी आणि देणग्या'. बायको म्हणाली, "अरे, आईंना पाठवतो ती काय देणगी आहे?" खरंच की! मग मी ती रक्कम 'इतर खर्च' मध्ये टाकली. ते तर आणखीच वाईट दिसायला लागलं.

तेव्हा मनात आलं, आपल्या लोकांनी पूर्वी खर्चाची खाती कशी पाडली असतील?

आठवायला सुरुवात शब्दांपासूनच केली. जमा, खर्च, बाकी, शिल्लक, बेरीज हे आपले रोजचे शब्द अरबी-फारसीतून दरबारी कारभाराच्या वाटेने मराठीत आले आणि पार स्वयंपाकघरापर्यंत पोचले. दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने लिहायचा ती रोजकीर्द. त्यातली प्रत्येक नोंद उचलून आपापल्या खात्यात नेऊन बसवायची ती खतावणी. खात्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज आणि शेवटी ताळेबंद. महाराष्ट्रात मराठीतून कॉमर्स शिकलेल्यांना हे शब्द अकरावीच्या पुस्तकातून आठवतील. आपण पावती टाइप करून कॅटेगरी निवडतो, तेव्हा कीर्द आणि खतावणी दोन्ही एकदमच होतात, एवढाच काय तो फरक.

आणि खाती? शिवकालीन कारभाराच्या वर्णनांत 'अठरा कारखाने' आणि 'बारा महाल' येतात. इथे कारखाना म्हणजे फॅक्टरी नव्हे, तर राजाच्या संसाराचा आणि कारभाराचा एकेक विभाग. मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर, अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, जामदारखाना म्हणजे कपडालत्ता आणि मौल्यवान चीजवस्तू, आबदारखाना म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, पीलखाना म्हणजे हत्ती. हत्ती सोडले तर बाकीची यादी आमच्या लॅपटॉपवर आजही आहे!

पेशवाईत पुण्याचं हुजूर दप्तर म्हणजे या शिस्तीचा कळस. फडणिशी भानू घराण्याकडे होती. नाना फडणीस (1742–1800) हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. दप्तराची एक शाखा होती 'एकबेरीज दप्तर'. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे एकत्र येत. जमा, खर्च आणि शिल्लक यांचे तर्जुमे, म्हणजे तुलनेचे तक्ते, तिथे तयार होत आणि निरनिराळ्या सदरांखालच्या खर्चाच्या खतावण्याही. आपण वर्षअखेरीला एक बटण दाबून जो रिपोर्ट काढतो, तो तिथे कारकून बोरूने मोडीत लिहून काढत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली. तरी जे उरलं तेही थोडं नाही. त्यातले लाखो मोडी कागद आजही पुणे पुराभिलेखागारात आहेत.

पण हिशेब ठेवला म्हणजे पैसा पुरतो असं नाही. थोरले माधवराव 1761 मध्ये पेशवे झाले, तेव्हा पानिपत होऊन गेलं होतं आणि कर्जाचं ओझं वारशाने आलं होतं. 1772 मध्ये थेऊरला शेवटच्या आजारात त्यांनी नऊ कलमांची यादी केली. तिच्यात कर्ज फेडण्याचं कलम होतं. कर्ज त्यांनी 'इतर' मध्ये ढकललं नाही.

दुसरं उदाहरण होळकरांचं. तिथे 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन हिशेब वेगळे होते. दौलत राज्याची, खासगी घरातल्या स्त्रीच्या नावची, आधी गौतमाबाई आणि पुढे अहिल्याबाई. अहिल्याबाईंनी देशभर घाट-मंदिरं बांधली, 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचं देऊळ उभं केलं. त्यांच्या या दानधर्माला आधार होता तो खासगीचा. पैसा कशासाठी गेला याइतकंच तो कोणाच्या वाट्यातून गेला, हेही खातं सांगत असे.

घरगुती हिशेबाची सॉफ्टवेअरं या मानाने कालची. अमेरिकेत इंट्यूट ही कंपनी 1983 मध्ये निघाली आणि तिचं क्विकन गाजलं. मायक्रोसॉफ्टचं मनी 1991 मध्ये आलं आणि 2009 मध्ये त्याची विक्री बंद झाली. फुकट मिळणारं ग्नूकॅश 1998 पासून आहे. या सॉफ्टवेअरांतल्या तयार याद्या ज्यांनी बनवल्या, त्यांनी आपल्या ओळखीच्या संसाराकडे बघून बनवल्या असणार. समुद्रापलीकडे एक घर आणि अलीकडे एक, असा संसार त्यांच्यासमोर नसावा. यात त्यांची चूक नाही. चूक आमची, की आम्ही ती यादी देवाने दिल्यासारखी मान्य केली. खाती आपण बदलू शकतो, हे इंजिनिअर असूनही सुचलं नाही!

पुढच्या रविवारी आम्ही 'घरखर्च' या खात्याखाली दोन पोटखाती उघडली: 'पासिर रिस' आणि 'सांगली'. आईचे पैसे, तिची औषधं, तिकडच्या घराची घरपट्टी, आमच्या विमानाची तिकिटं, सगळं मागे जाऊन सांगलीखाली आणलं. 'इतर खर्च' एकदम बारीक झाला. आणि सांगलीची बेरीज पाहून आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो. इतकी वर्षं आम्ही एकाच घराचं बजेट करत होतो आणि महिनाअखेर पैसे जातात कुठे म्हणून एकमेकांवर चिडत होतो.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढा खर्च होतो होय रे? कमी करा की." म्हटलं, "आई, कमी करायला नाही गं, नीट लिहायला बसलोय."

या लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपलाही हळदकुंकू लावणार आहोत. वही तीच आहे आमची.