प्रवास लिहविणारे

त्र्यंबकेश्वरीं कुशावर्तावर स्नान करून यात्रेकरू वर आला कीं त्याला पहिला प्रश्न ऐकूं येतो तो हा : गांव कोणतें ? गांवाचें आणि आडनांवाचें नांव सांगितलें म्हणजे तीर्थोपाध्याय आपल्या घरच्या जुन्या वह्या काढतात, आणि थोड्याच वेळांत त्या गांवच्या त्या घराण्याचा लेख समोर ठेवतात. आजोबा कोणत्या सालीं आले, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, संगें कोण होतें, कोणत्या कार्यासाठीं येणें झालें, हें सारें तेथें आढळतें. लेख जुना असेल तर बहुधा मोडींत, आणि पुष्कळदां खुद्द आजोबांच्या हातचा. नातू तो पाहून क्षणभर स्तब्ध होतो. मग त्याच्याखालीं तो आपला लेख लिहितो. काय लिहावयाचें आणि कोणत्या क्रमानें, हें उपाध्याय शेजारीं बसून सांगत असतात.

महाराष्ट्रांत प्रवासाविषयीं लिहिण्याची ही फार जुनी शाळा होय, आणि तिच्यांत शिक्षक विद्यार्थ्याच्या अगदीं खांद्याशीं बसतो. शिस्तीच्या दृष्टीनें या शाळेंत उणें कांहीं नाहीं. नांव चुकत नाहीं, नातें चुकत नाहीं. परंतु आगगाडी नव्हती त्या काळीं जो मनुष्य वऱ्हाडांतून पायीं निघाला, ज्यानें नद्यांचे उतार शोधले, धर्मशाळांत रात्री काढल्या, आणि ब्रह्मगिरीचा कडा प्रथम दिसला तेव्हां रस्त्यांतच हात जोडले, त्याच्या वांट्याला या वहींत चार ओळी येतात. वाटेंत काय पाहिलें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. उपाध्यायांचा तरी त्यांत काय दोष ? वहीचा हेतु यजमानाची ओळख वंशोवंश राहावी एवढाच आहे, आणि तो ती उत्तम रीतीनें साधते. विचारलें तेवढें लिहिलें गेलें. विचारलें नाहीं तें यात्रेकरूबरोबर गेलें.

सांप्रत प्रवास सुलभ झाला आहे आणि प्रवासावर लिहिणारेही वाढले आहेत. त्यांच्यासाठीं कार्यशाळा भरतात. अनुभवी लेखक नवशिक्यांच्या लेखांवरून नजर फिरवून सुधारणा सुचवितात. एकानें पाहिलेलें दुसऱ्यानें सुधारून द्यावें, ही गोष्ट कितपत शक्य आहे आणि कितपत इष्ट आहे, अशी शंका कित्येकांस येते. या शंकेचें उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मिळतें, आणि तें एकेरी नाहीं.

त्र्यंबकेश्वरींच ज्यांची समाधि आहे आणि जेथें पौष वद्य एकादशीस दरसाल दिंड्या लोटतात, त्या निवृत्तिनाथांनीं स्वतः थोडें लिहिलें. पण धाकट्या भावाकडून त्यांनीं किती लिहविलें ! ज्ञानेश्वरींत दृष्टांतांचा ओघ अनावर झाला म्हणजे मूळ विषयाकडे वळावयास सांगणारे ज्येष्ठ बंधु मधूनमधून भेटतात. तो ग्रंथ प्रवासाचा नव्हे, म्हणून त्याचा विस्तार येथें नको. मात्र बोलणाऱ्यासमोर जाणता ऐकणारा असला तर बोलण्याला वळण लागतें, हें त्या शतकांतल्या लोकांना ठाऊक होतें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत महानुभाव पंथांत म्हाइंभटानें जें केलें त्यांत तर ही गोष्ट पद्धतशीरपणें दिसते.

श्रीचक्रधर हे सतत फिरत असत. गोदातीरावरून वऱ्हाडाकडे, एका देवळांतून दुसऱ्या देवळांत, असा त्यांचा क्रम चाले. ते उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्यांजवळ उरल्या त्या आठवणी. म्हाइंभटाला त्या लिहून ठेवाव्या असें वाटलें. त्यानें नागदेवाचार्यांना विचारलें. आचार्यांनीं आपणांस आठवत होतें तें सांगितलें, पण सारें आपल्याच तोंडून घेऊं दिलें नाहीं. ज्या प्रसंगीं जो हजर होता त्याच्याकडे जाऊन विचारावें, असा त्यांचा दंडक होता. म्हाइंभट त्याप्रमाणें गांवोगांव गेला, एकेकाला गांठून विचारीत राहिला, आणि जमविलेलें पुन्हां आचार्यांच्या कसोटीला लावलें. अशा रीतीनें लीळाचरित्र सिद्ध झालें. पुढें त्याची मूळ प्रत नाहींशी झाली आणि शिष्यांच्या स्मरणावरून तें पुन्हां बांधावें लागलें, ती कथा निराळी. परंतु त्या पंथाला ठिकाणाची जी नेमकी दृष्टि आली ती पुढेंही टिकली. स्वामी कोठें बसले, कोठें निजले, देवळाचें दार कोणत्या दिशेस, याची नोंद करणारी स्थानपोथी त्याच दृष्टीचें फळ आहे. आजच्या प्रवासवर्णनांत सूर्यास्तावर पानेंच्या पानें खर्ची पडतात, आणि देऊळ पूर्वाभिमुख कीं पश्चिमाभिमुख याचा मात्र पत्ता लागत नाहीं. नागदेवाचार्यांनीं असला लेख परत पाठविला असता.

यानंतर जवळजवळ सहाशें वर्षें ओलांडून सन १८८३ पर्यंत यावयाचें. कुलाबा प्रांतांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, पेणजवळ वरसई नांवाचें गांव आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे कल्याणच्या वैद्य घराण्याचे उपाध्याय. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, असें ऐकून सन १८५७ च्या आरंभीं ते चुलत्यांना बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानांत निघाले. तेव्हां त्यांचें वय तिशीचें होतें. हेतु अगदीं साधा : चार पैसे मिळवावे, जमल्यास काशीयात्रा घडावी, आणि घरीं परत यावें. परंतु महूच्या आसपास पोंचतात तों शिपायांच्या बंडाचा वणवा पेटला. त्या वणव्यांतून ते ग्वाल्हेर, झांशी, काल्पी असे फिरत राहिले. झांशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. तोफांचे गोळे, एप्रिल १८५८ मध्यें शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट, ग्रंथसंग्रहाची झालेली राखरांगोळी, हें त्यांनीं जीव मुठींत धरून पाहिलें. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, तें एकदांच नव्हे. दोन-तीन वर्षांनीं ते वरसईस परतले तेव्हां गांठीं पैसा नव्हता. आईबापांना स्नान घालण्यासाठीं खांद्यावरून आणलेली गंगेची कावड तेवढी होती.

आतां श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, हा मनुष्य परत आला आणि पंचवीसएक वर्षें त्यानें याविषयीं ग्रंथ असा कांहीं लिहिला नाहीं. सांगितलें नसेल असें नाहीं. भिक्षुकाच्या घरीं ओटीवर बसून या हकीकती अनेकांनीं ऐकल्या असतील, पान खाल्लें असेल, आणि उठून गेले असतील. लिहून ठेवा, असें म्हणणारा भेटावयास पंचवीस वर्षें लागलीं. तो भेटला यजमानांच्याच घरांत. चिंतामण विनायक वैद्य यांचा जन्म सन १८६१ चा, म्हणजे तें बंड मोडल्यानंतरचा. सन १८८३ मध्यें ते बावीस वर्षांचे होते. गोडसे भटजी पन्नाशीच्या पलीकडे गेलेले. मार्गदर्शक बाविशींतला आणि शिष्य छपन्न वर्षांचा, अशी ही उलटी जोडी. वैद्यांच्या आग्रहावरून भटजी लिहावयास बसले.

यांत मौज अशी कीं, भटजी स्वतः उपाध्याय होते. यजमानाला नांव, गोत्र, संकल्प विचारण्याची विद्या त्यांच्या रक्तांत होती. कोणी न विचारतां ते लिहावयास बसले असते, तर बहुधा कोणत्या क्षेत्रीं कोणतें श्राद्ध केलें आणि कोठें किती दक्षिणा मिळाली, एवढाच हिशेब आपणांस लाभला असता. असला हिशेब त्यांच्या ग्रंथांत आहेही, आणि तो वाचनीय आहे ! पण त्याच्या जोडीला राणी लक्ष्मीबाईंचा पोशाख आहे, त्यांची दिनचर्या आहे, शहरांतल्या घरांत दडून बसलेल्या माणसांची तहान आहे. पराभवानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं धुळीनें माखलेली, तहानेलेली राणी त्यांना भेटली, तो प्रसंग आहे. कोणत्याही क्षेत्रींच्या वहींत या ओळीला जागा नव्हती. नव्या विद्येंत वाढलेल्या, बंड न पाहिलेल्या एका तरुणाला ही हकीकत हवी होती, म्हणून ती कागदावर आली. सगळें ठाऊक असणाऱ्याला आपण फारसें सांगत नाहीं. ज्याला ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं मात्र धुळीचा रंगही सांगावा लागतो.

योगायोग असा कीं, त्याच १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्यांनीं सदाशिव पांडुरंग केळकर यांना प्रवासाचें सविस्तर पत्र लिहिलें. तें ‘इंग्लंडचा प्रवास’ या नांवानें छापून निघालें. येथेंही समोर एक विशिष्ट वाचक आहे, मागें राहिलेला, आणि ज्याला बोट कशी, समुद्र कसा, लोक कसे हें ऐकावयाचें आहे. पुढें सन १८८९ मध्यें त्यांचें अमेरिकेच्या लोकस्थितीवरचें मोठें पुस्तक झालें. त्याची नजर अधिक विस्तृत आहे, पण ती या पत्रांत तयार होत होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. अशीच गोष्ट काका कालेलकरांची. साताऱ्यास जन्मलेला हा मराठी पुरुष सन १९१२ मध्यें हिमालयांत हिंडला, पण तो प्रवास त्यांनीं लिहिला तो कांहीं वर्षांनीं, साबरमती आश्रमांतील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित मासिकासाठीं, आणि तोही गुजरातींत. तेथें मुलेंच गुरूंकडून लिहवून घेत होतीं. शाळेंत ज्यांनीं आयुष्य घालविलें आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

पण वैद्यांच्या गोष्टीचा उत्तरार्ध राहिला, आणि तो इतका सुखाचा नाहीं. ग्रंथ लिहून झाला तरी तो चोवीस वर्षें छापला गेला नाहीं. बंडाविषयीं, आणि तेंही झांशीच्या राणीविषयीं आदरानें, लिहिलेला मजकूर इंग्रजी अमलांत छापणें ही साधी गोष्ट नव्हती. गोडसे वारल्यावर सन १९०७ मध्यें वैद्यांनीं तो ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केला. सत्तावनच्या बंडाला तेव्हां पन्नास वर्षें होत होतीं आणि देशांतलें वातावरण तापलेलें होतें. दोनच वर्षांनीं सावरकरांच्या त्याच विषयावरच्या ग्रंथाची सरकारनें काय गत केली, हें सर्वांस माहीत आहे. वैद्य विद्वान् होते. ‘दुर्दैवी रंगू’ सारखी कादंबरी त्यांच्या नांवावर आहे, आणि १९०७ च्या पुढच्याच वर्षीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. अशा माणसाला भिक्षुकाची बोली तशीच छापणें प्रशस्त वाटलें नाहीं. त्यांनीं भाषेवरून हात फिरविला, कांहीं मजकूर गाळला, कांहीं सुबक केला.

याबद्दल वैद्यांना दोष द्यावा काय ? कांहीं अंशीं द्यावाच लागेल. सरकारच्या धाकानें गाळलेलें समजूं शकतें. पण पन्नाशी उलटलेल्या एका भटजीचें वाक्य बाविशींतल्या पदवीधराच्या वाक्यासारखें दिसूं लागलें म्हणजे तें सुधारलें, अशी समजूत नव्या विद्येनें आपल्याकडे रुजविली, आणि ती अजून गेलेली नाहीं. जो विचारतो त्याच्यामुळें प्रवाशाला आपण पाहिलेलें पुन्हां दिसतें ; जो लेखणी हातांतून काढून घेतो त्याच्या हातीं प्रवाशाचा आवाज लागत नाहीं. वैद्यांनीं दोन्ही गोष्टी केल्या. १८८३ सालचे वैद्य आणि १९०७ सालचे वैद्य हे एकच गृहस्थ असले तरी गुरु म्हणून ते दोन आहेत. पहिल्यानें उपकार केले आणि दुसऱ्यानें, सद्हेतूनेंच, त्यांतला थोडा भाग परत घेतला.

पुष्कळ वर्षें मराठी वाचकांनीं वैद्यांची प्रतच वाचली, आणि ती मनापासून वाचली. अमृतलाल नागरांनीं ‘आँखों देखा गदर’ या नांवानें हा ग्रंथ हिंदींत नेला. या शतकांत त्याचीं इंग्रजी भाषांतरेंही झालीं. मधल्या काळांत मूळ हस्तलिखित पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आलें, आणि तेथून तें दत्तो वामन पोतदारांच्या हातीं लागलें. सन १९६६ मध्यें त्यांनीं मूळ संहिता छापली. वैद्यांनीं काय ठेवलें आणि काय बदललें हें तेव्हां प्रथमच ओळीला ओळ लावून पाहतां येऊं लागलें. भटजींच्या ऐकीव गोष्टीही त्यांत तशाच आहेत. बंडाच्या कारणांविषयीं जी बाजारगप्प त्यांच्या कानीं आली ती त्यांनीं श्रद्धेनें टिपली आहे, आणि इतिहासकार ती मान्य करीत नाहींत. पण त्या वेळीं रस्त्यावरचे लोक काय बोलत होते, याचा तोही एक पुरावाच आहे.

वैद्य सन १९३८ मध्यें निवर्तले. आपण दुरुस्त केलेलें पुस्तक छापून झाल्यावर मूळ कागद जाळावे किंवा रद्दींत घालावे असें त्यांना वाटलें नाहीं. भटजींच्या हातचीं तीं पानें त्यांनीं जपून ठेवलीं, आणि म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या दुरुस्त्या आज कोणालाही मोजतां येतात.