सनमायकातले अभ्रक

ओट्याखालच्या कपाटाच्या दाराची कड सुटते. काही दिवस आपण ती जाता-येता बोटाने दाबतो. मग तिच्यात फडक्याचे धागे अडकू लागतात, पाणी शिरते आणि एक दिवस घरात कुणीतरी म्हणते, "सगळेच काढून नवे करून घेऊ या." तो खर्च ठरवण्याआधी या सनमायकाची जन्मकथा ऐकावी. दुरुस्तीचे गमक तिच्यातच आहे.

सनमायका हे मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव. आपल्याकडे ते अशा सगळ्याच शीटना पडले. मायका म्हणजे अभ्रक. पण या शीटमध्ये अभ्रक औषधालाही नाही! विजेच्या यंत्रांत प्रवाह अडवायला पूर्वी अभ्रक वापरीत. आजच्या झारखंडातला कोडरमा हा भाग त्याच्या खाणींसाठी जगभर प्रसिद्ध होता. या अभ्रकाला पर्याय म्हणून अमेरिकेत पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाऊस कंपनीतले तंत्रज्ञ डॅनियल ओ'कॉनर यांनी १९१२च्या सुमारास बेकेलाइटच्या राळेत भिजवलेले थर दाबून टणक पत्रा तयार केला. १९१३ मध्ये सहकारी हर्बर्ट फेबर यांच्यासह त्यांनी सिनसिनाटीत स्वतःचा कारखाना काढला. 'फॉर मायका', म्हणजे अभ्रकाऐवजी, म्हणून मालाचे नाव ठेवले फॉर्मायका. पुढे १९३०च्या दशकाअखेरीस वरच्या नक्षीच्या कागदाला मेलामाइनची राळ मिळाली. पृष्ठभाग उष्णता आणि डाग सोसू लागला आणि विजेच्या कारखान्यातली ही वस्तू स्वयंपाकघरात आली.

म्हणजे सनमायका हा कागदच. पण उष्णता आणि प्रचंड दाब यांनी एकजीव झालेला. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. त्यामुळे सुटते ती बहुधा शीट नव्हे, शीट आणि प्लाय यांच्यातला सांधा. तो कारखान्यातल्या यंत्राने नव्हे, सुताराने घरी डिंक लावून जुळवलेला असतो.

तेव्हा दुरुस्ती सांध्याची करायची. कड हलकेच उचलून आतला भाग दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यावा. जुना डिंक खरवडून, पॉलिशपेपर मारून धूळ पुसावी. चप्पल दुरुस्त करणारे वापरतात तसा रबरी डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावावा. लगेच चिकटवण्याची घाई नको. बोटाला लागेनासा झाला की मगच शीट आतून कडेकडे दाबत न्यावी. वरून लाटणे फिरवले तरी चालते. हा डिंक पटकन पेट घेतो, म्हणून गॅस बंद आणि खिडक्या उघड्या हव्यात. शेवटी, पाणी मुळात कुठून येते ते शोधावे. नाहीतर कड पुन्हा सुटेल.

आतली प्लायच फुगून भुसभुशीत झाली असेल, तर मात्र डिंक धरणार नाही. तेव्हा तेवढे दार बदलावे. सगळे कपाट नव्हे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)